चल, सागर दाखवतो

जयवंता : आणि ही वाळू? बूट झटकायला घेतले तर पसाभर निघाली. विजयवाड्याच्या मीटिंगीत वाळू अंथरतात का रे?

रितेश : आई, सकाळी सकाळी सुरू नको ना करू.

जयवंता : योगिनी, तू सांग. नवऱ्याकडं बघू नकोस, सूनबाई, माझ्याकडं बघ.

योगिनी : मलाही कालच कळलं, आई. फोटो बघून. मीटिंग एकच दिवस होती. दुसऱ्या दिवशी हा आणि ऑफिसातले तिघं समुद्रावर गेले.

जयवंता : समुद्रावर!

रितेश : हौ, समुद्रावर. गुन्हा केला का? चिराल्याच्या पुढं गाडी सोडली, सुरूच्या बनातून दोन किलोमीटर चाललो. ना हॉटेल, ना दुकान, ना माणूस. नुसती वाळू, तिच्यावर खेकड्यांच्या पायांच्या रेघा. पाऊल टाकायला जिवावर यावं अशी जागा. आता लाइट घे की, मनाला लावून घेऊ नको.

जयवंता : लाइट तूच घे. मला गेल्या साली काय दाखवलंस?

रितेश : तूच बोललीस, सागर दाखव.

जयवंता : म्हणून धरण दाखवतोस? नागार्जुनसागर! बसमधून उतरवून म्हणतोस, हे बघ, सागर!

रितेश : हैदराबादेत सागर बोले तो तेच की. हुसेनसागर, हिमायतसागर, उस्मानसागर...

जयवंता : तुझ्या बाबांनीही तेच केलं. मी नांदेडहून आलेली नवी नवरी. म्हणाले, चल, सागर दाखवतो. हुसेनसागरच्या बांधावर, टँकबंडावर उभं केलं नि शेंगा खाऊ घातल्या. आठ दिवस मी त्यालाच समुद्र समजत होते. शेजारीण पोट धरून हसली, अगं वेडे, ते तळं! तुझे बाबा तर गेले, त्यांच्यावर आता किती रागवू? तू समोर आहेस.

रितेश : तुझे गुडघे बघ आधी. वाळूत पाय रुततो. पडलीस तर उचलायला कोण? संडासची सोय नाही. समुद्रच पाहिजे तर विशाखापट्टणमला नेतो. तिथं बाकडी आहेत, रेलिंग आहे.

जयवंता : बाकड्यावर बसून कणीस खात बघायचा नाही मला. प्रभू रामचंद्र बसले तिथं रेलिंग होतं? उघड्या वाळूत दर्भ अंथरून तीन दिवस बसले, समुद्राला वाट मागत.

रितेश : झालं, लागलं कीर्तन! तुझ्या त्या बुवांनी तरी समुद्र पाहिलाय का?

जयवंता : नाही पाहिला.

रितेश : काय?

जयवंता : नाही पाहिला म्हणते. बीडचा माणूस, कुठला समुद्र? गेल्या रामनवमीला आपल्या गौलीगुड्याच्या राममंदिरात त्यांनी उत्तररंगात सेतुबंधन लावलं. चिपळ्यांवर अशा लाटा उठवल्या की बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी पाया पडले तर मलाच म्हणतात, "माई, चाळीस वर्षं समुद्र गातोय, पण कानानं ऐकला नाही. लोकांना फसवतो की काय, असं वाटतं. तुम्ही कधी गेलात तर येऊन सांगा, माणूसबिणूस नसताना तो कसा वाजतो." मी सांगते म्हटलं. देवळात उभी राहून म्हटलं. पंधरा दिवसांनी बुवा यायलेत. ऐंशी पार झाले, पुढच्या साली उभे राहतील की नाही, रामाला ठाऊक. आणि मी काय सांगू त्यांना? धरणाचे दरवाजे?

योगिनी : आई, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

जयवंता : चारदा बोलले. तुम्ही कानांत बोळे घालून बसता. बरं, राहू दे. मी नाही गेले, हा तर गेला ना? रितेश, तूच सांग. कसा वाजतो?

रितेश : कसा म्हणजे... लाटा येतात, जातात.

जयवंता : ते फोटोतही दिसतं. आवाज सांग. बनातून कसा येतो, जवळ गेल्यावर कसा? पखवाजासारखा, की आणखी कसा?

रितेश : नक्को ना, आई.

जयवंता : काय बोलायलास? नीट सांग!

रितेश : ऐकलाच नाही. स्पीकर लावला होता आम्ही. गेल्यापासून निघेपर्यंत.



जयवंता : देवानं इतकी निवांत जागा राखून ठेवली, आणि तुम्ही तिथं वरात नेलीत. रामरायाला तीन दिवसांनी राग आला रे. मला तेवढा धीर नाही.

योगिनी : आई, शुक्रवारी मी रजा टाकते. नामपल्लीहून चिराल्याची गाडी धरू. पुढं रिक्षा, आणि ते दोन किलोमीटर बसत बसत जाऊ. कुणाची घाई आहे?

जयवंता : दशम्या मी करते. काठी घेते. वाळूत पडले तर पडले, वाळू मऊच असते.

रितेश : मला कुणी विचारणार नाही का? त्या बनात फाटे आहेत, चुकाल दोघी. मी येतो.

जयवंता : ये. बन संपेपर्यंत वाट दाखव. पुढं मला काही दाखवू नकोस.