उलटं घसरणं

विट्याच्या एसटी स्टँडवर आटपाडीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक बाई आणि तिची दहा वर्षांची भाची बसली होती.

"आत्या, सिमल्याला मी बर्फावर स्केटिंग करत उलटी जायची."

"उलटी? आन् पडलीस म्हंजे?"

"पप्पांनी शिकवलं ना. चवडे आत घ्यायचे, गुडघे वाकवायचे, टाचा बाहेर ढकलायच्या, मग परत जवळ आणायच्या."

"दादासोला कुठनं येत हुतं? त्यो दिसभर सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या भट्टीपुढं."

"येत नव्हतं. कडेला उभं राहून दुसऱ्यांचं बघायचे. मग माझे हात धरून साध्या बुटांनी बर्फावर चालायचे. 'मागं बघू नगं, माज्याकडं बघ,' म्हणायचे."

"लय जीव हुता त्याचा तुज्यावर."

"एकदा त्यांनी हात सोडले, मला कळलंच नाही. त्यांच्याकडं बघत मी मागं जातच राहिले. ते टाळ्या वाजवत होते."

"मग?"

"मग आठ दिवसांनी पप्पांना दवाखान्यात नेलं. तिथंच वारले."

"रडू नगं, बाय. आता हितं माज्याजवळ ऱ्हायाचं."

"आत्या, आटपाडीला थंडीत तळं गोठतं का गं?"

"तळ्यात पाणी कुठलं, पोरी? प्यायालाबी टँकर येतो."