दिगूचे खिसे

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी तुम्हाला एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याला ऐकवू नका. ज्यानं एकदा चोरी केली, तो चोर किती दिवस? शिक्षा भोगून संपते, दंड भरून सुटतो — पण नाव? ते अंगावरनं उतरतं कधी?

हं! बायकांच्या बाजूनं कुणीतरी पुटपुटलं — "मरेपर्यंत!" माउली, आवाज अनुभवाचा दिसतो. बरं, राहू द्या. उत्तर शेवटी बघू.

बार्शीची गोष्ट. विश्वंभर शेटे म्हणून एक दुकानदार. सगळा गाव त्याला आण्णा म्हणतो. दुकान कशाचं? — कॉम्प्युटरचं. का हो, हसलात का? कीर्तनात राजे-महाराजेच यावेत असं कुठं लिहिलंय? देवाला गुरं राखणारे चालले, कॉम्प्युटरवाला का नाही चालणार!

तर या आण्णाला धाकटा भाऊ. दिगंबर. घरात दिगू. हात असा हलका, की बंद पडलेलं यंत्र त्यानं नुसतं उघडलं तरी सुरू व्हावं. पण हात हलका असला की कधी कधी दुसऱ्याच्या वस्तूवर पण हलकेच पडतो! दिगूचं तेच झालं. दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरमधून चांगली मेमरी काढून घ्यायची, जुनीपानी खोचायची, स्क्रू आवळायचे, गिऱ्हाइकाला नमस्कार! — मेमरी म्हणजे काय, मृदंगबुवा विचारतायत. बोटाएवढी पट्टी असते बुवा. ती मोठी, तर यंत्र घोड्यासारखं. लहान, तर तुमच्यासारखं — दोन अभंग मागं!

एक दिवस भांडं फुटलं. दिगू रातोरात पुण्याला पळाला. आणि आण्णा? आण्णा दारोदार गेला. ज्याच्या ज्याच्या यंत्राला भावाचा हात लागला होता, त्याच्या त्याच्या उंबऱ्यावर उभा राहून हात जोडले. झेरॉक्सवाला बोधे म्हणाला, "तुमच्या घराण्याला आग लागो!" ते सोसलं. पण शाळेतल्या उपळाईकर बाईंनी शिवी दिली नाही. "उन्हाचे आलात, आधी पाणी घ्या," म्हणाल्या. मंडळी, त्या पाण्यानं आण्णाचा घसा जळला.

वर्षं गेली. आण्णाच्या पाठीचं ऑपरेशन झालं, दुकान बसायला आलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, शैलजावहिनीनं, दिराला निरोप धाडला. दिगू आला. केस पांढरे झालेले. दाराशीच म्हणाला, "आण्णा, मी आता पहिल्यासारखा राहिलो नाही."

आण्णा म्हणाला, "ते मला कसं दिसावं? काम कर. गल्ल्याजवळ जायचं नाही. आणि संध्याकाळी घरी जाताना खिसे उलटे करून दाखवायचे. रोज!"

रोज, मंडळी! शटर ओढायच्या वेळी, रस्त्यावरची माणसं बघतायत, आणि पन्नाशीला आलेला माणूस आपल्या सख्ख्या भावासमोर पँटचे खिसे बाहेर काढून उभा! दिगूनं एकदासुद्धा 'का' विचारलं नाही. आण्णा बघायचा, मान हलवायचा, मग खिसे आत.

आता बाजारात एक नवीन कॉम्प्युटर आला होता. केवढा? मिठाईच्या डब्याएवढा! एवढ्याशा पेटीत सगळं काम. आण्णानं माल भरला. गिऱ्हाईक यायचं, दिगू पेटी उघडायचा, मराठी टाइप वगैरे घालून, चालवून बघून द्यायचा. पेटीवर छापलेलं — मेमरी आठ.

आणि एके दिवशी बोधेच्या पुतण्यानं काकाच्या पेटीत सहज बघितलं, तर आत सोळा! छापलंय आठ, निघाली सोळा! मग डॉक्टर जगदाळ्यांच्या दवाखान्यात बघितलं — सोळा! उपळाईकर बाईंच्या पेटीत — सोळा!

झालं! गावाला एवढं पुरतं. "कंपनी गुपचूप दुप्पट टाकते! जाहिरात नाही, बोभाटा नाही!" एक म्हणाला, मंगळवारच्या मालात असते. दुसरा म्हणाला, छे, खोक्यावर हिरवा ठिपका असला तरच. लोक दुकानात येऊन खोकी कानाशी हलवून बघायला लागले — नारळ घेताना बघतात ना, तशी! एका पठ्ठ्यानं तर शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर दोन खोकी तोलली, आणि जड तेवढं घेऊन गेला. घरी उघडलं, तर वजन कशाचं? माहितीच्या पुस्तकाचं!

आणि आण्णाला विचारलं, "काय आण्णा, खरं का हो?" तर आण्णा काय म्हणायचा माहीत आहे? 'हो' नाही, 'नाही' नाही. गालात हसायचा, आणि — "म्हणतात खरं!"

बघा हं, खोटं बोलला का? नाही. खरं बोलला का? तेही नाही. जिभेनं पाप केलं नाही, पण पापाला बसायला पाट दिला!

दिगू एकदा म्हणाला, "आण्णा, लोकांना स्पष्ट सांगा. कंपनी असं काही देत नाही."

"तुला काय करायचंय? माल जातोय ना?"

दिगू पुढची पेटी उघडायला लागला.

आणि मग आला राऊत. फोटो स्टुडिओवाला, गावात नवीन. दुप्पट मिळणार म्हणून पेटी नेली, लग्नाचे फोटो चढवले — यंत्र हलेना. उघडून बघितलं. आठ! भर दुपारी दुकानात आला, आवाज चढवला. गर्दी जमली. सोळावाले पण धावत आले — आपली कुणी काढून तर घेतली नाही ना, बघायला.

"सगळ्या गावाला सोळा, मलाच आठ का? माझी अर्धी कुणी खाल्ली?"

आणि गर्दीतून एक आवाज आला. मंडळी, गर्दीत असा एक आवाज नेहमीच असतो. "अहो, धाकटा परत आलाय ना!"

आण्णानं वळून बघितलं. दिगू हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा. आण्णाच्या डोळ्यांपुढं सगळी दारं उभी राहिली — ती शिवी, ते पाणी. पुन्हा तेच उंबरे? पुन्हा हात जोडायचे? त्याचं डोकं फिरलं.

"काढलीस ना तू? पुन्हा काढलीस?"

दिगूनं तोंड उघडलं. समोर बोधे होता, बाई होत्या. त्यानं तोंड मिटलं. स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर ठेवला. मग — कुणी सांगितलं नव्हतं, संध्याकाळही झाली नव्हती — त्यानं आपणहून दोन्ही खिसे उलटे केले, आण्णाला दाखवले, आणि तसाच स्टँडच्या दिशेनं चालू लागला. खिसे आत घालायचंही भान त्याला राहिलं नाही.

आण्णा गर्दीला म्हणाला, "थांबा! सीलबंद माल आहे माझ्याकडं. कंपनी किती देते ते सगळ्यांसमोर दाखवतो. म्हणजे यानं काय चोरलं ते कळेल." एक पेटी उघडली. आठ. दुसरी उघडली. आठ. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पेट्या फोडल्या — आठ, आठ, आठ!

कंपनीनं कुणालाच काही दिलं नव्हतं. राऊतचं काही गेलंच नव्हतं. मग बोधेला कुणी दिलं? बाईंना कुणी दिलं?

"सोळा कुणाकुणाला निघाली?" आण्णानं विचारलं. आवाज पार खोल गेला होता. "हात वर करा."

हात वर झाले. बोधे. डॉक्टरांचा कंपाउंडर. उपळाईकर बाई. आणखी दोघं-तिघं. आण्णा एकेक चेहरा बघत गेला, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. कारण ही सगळी दारं त्याला पाठ होती! याच उंबऱ्यांवर तो हात जोडून उभा राहिला होता. ज्यांची ज्यांची पट्टी दिगूनं त्या काळी काढली होती, नेमक्या त्यांच्याच पेटीत आज जास्तीची पट्टी होती. दुसऱ्या एकाच्याही नाही.

डबा घेऊन आलेली वहिनी म्हणाली, "तरीच! पगार झाला की विचारायची, भाऊजी, एक शर्ट तरी घ्या. तर म्हणायचे, भागतंय वहिनी."

मंडळी, आण्णानं रोज खिसे तपासले. कधी? बाहेर जाताना. आत येताना एकदा तरी तपासले असते! पगार झाला की सकाळी त्याच खिशातून तो माणूस आपल्या घामाची पट्टी आणत होता, आणि संध्याकाळी रिकामे खिसे दाखवत होता. आण्णाला रिकामा खिसा दिसला, तो कशानं रिकामा झाला ते दिसलं नाही.

कधी न पाहिलेली कंपनी फुकट देते, यावर गावानं डोळे मिटून विश्वास ठेवला. एका ताटात जेवलेला भाऊ बदलला, यावर कुणाचा बसला नाही.

आण्णा धावला. पाठीचं दुखणं विसरून धावला! स्टँडवर दिगू बाकावर बसलेला, सोलापूरची गाडी लागायची होती. आण्णा समोर उभा राहिला. मग त्यानं काय केलं? स्वतःचे खिसे उलटे केले! दुकानाची किल्ली पडली, रुमाल पडला, बडीशेपेची पुडी सांडली.

"तपास मला, दिगू. तुझ्या अब्रूची चोरी मी केली. दिसते का बघ कुठं."

"आण्णा, लोक बघतायत."

"तुझे बघताना नव्हते का बघत?"

दिगू उठला. आण्णाचे खिसे आपल्या हातानं आत घातले, किल्ली उचलून दिली. म्हणाला, "हे कुणाला सांगू नका. मी काय दान नाही केलं. ज्याचं होतं त्याला दिलं. आणि अजून एकाचं राहिलंच आहे."

"कुणाचं?"

"तुमचं. माझ्यापायी तुम्ही दारोदार हात जोडलेत. ते कुठल्या पट्टीनं भरून देऊ?"

आण्णा लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "घरी चल. तेवढ्यानं फिटलं."

दुसऱ्या दिवशी आण्णानं दुकानावर पाटी लावली — 'पेटीवर छापलंय तेवढंच मिळेल.' राऊतची पेटी परत घेतली, त्याची माफी मागितली. आणि संध्याकाळी? दिगू सवयीनं शटरपाशी खिसे काढून उभा राहिला. आण्णानं त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली, आणि त्याच्याआधी घरी निघून गेला.

दिगूनं सांगू नका म्हटलं होतं, मग मला कसं कळलं? अहो, आण्णाच्या मागोमाग स्टँडवर आलेल्या उपळाईकर बाईंनी सांगितलं. त्यांना कुणी 'सांगू नका' म्हटलं नव्हतं ना!

आता बायकांच्या बाजूचं ते उत्तर. 'मरेपर्यंत' म्हणालात ना, माउली? चोर तो किती दिवस? — तर जोवर आपण त्याला दाराशी उभा करतो, तोवर. त्याच्या हातात ते नाही. माणूस आतून बदलतो ना, तेव्हा बाहेरच्या खोक्यावर नवीन काही छापून येत नाही. तेच नाव, तोच चेहरा. ते बघायला आपणच थांबावं लागतं, आणि आपल्याला वेळ नसतो. आपल्याला 'म्हणतात खरं' पुरतं.

आज घरी जाल. दार कोण उघडेल? नवरा, सून, भाऊ, शेजारी — कुणाचे खिसे तुम्ही अजून उलटे करून बघताय? कुठली जुनी चोरी रोज संध्याकाळी तपासताय? ते माणूस येताना काय घेऊन आलं, हे एकदा तरी बघितलंत का?

टाळ उचला, मंडळी. पण वाजवायच्या आधी एकदा स्वतःचे खिसे चाचपून बघा — दुसऱ्याचा विश्वास कुठं आपल्याकडंच राहिलेला नाही ना. असेल, तर आज देऊन टाका. आणि मग मोकळ्या हातांनी, मोकळ्या गळ्यानं, त्या सगळ्यांच्या आत बसलेल्याचं नाव घ्या!