पडून दाखव

लाहती शहरातल्या आमच्या बर्फाच्या टेकडीवर, वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत मी उभी होते. पुढे पन्नाशीचा एक माणूस बर्फावरून घसरायचा स्नोबोर्ड घेऊन उभा. तेवढ्यात त्याची बायको कामावरच्या कपड्यांतच तरातरा आली.

“वेयो! तू इथे?”

“सिर्का? तुला कोणी सांगितलं?”

“खाली गाडी दिसली. अंगभर काळेनिळे डाग, आणि विचारलं की म्हणे दारातल्या बर्फावर घसरलो. महिन्यात चार वेळा?”

“पाच. अगं, ती लोखंडी रेल दिसतेय ना? तिच्यावरून बोर्ड घसरवत न्यायचा. शिकतोय मी.”

“या वयात?”

“म्हणून तर बोललो नाही. हसली असतीस.”

“हसले असते? तुझे बाबा आधी असेच पडायला लागले होते. मग हात थरथरायला लागले. महिनाभर मी तुझ्या कॉफीच्या कपाकडे बघतेय, सांडतोय का म्हणून. गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय.”

“बापरे. सिर्का, मी आजारी नाही गं. बर्फावर तोल जायला लागला की बोर्डाची कड टेकवायची, ती सवय लागलीय. लोखंडावर कड धरतच नाही, म्हणून आपटतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“शपथ घे.”

“घेतली. आता रडतेस काय? लोक बघतायत.”

“बघू देत. तू वर जा. माझ्यासमोर एकदा पडून दाखव.”

“आणि आज नेमका पडलो नाही तर?”

“पड म्हणतेय ना!”