दोरी बांधलेली कडी

देस्पिना: …म्हणून कागदावर मी अजून एक रेघही ओढलेली नाही.

मर्व: ऐकलंस, ग्लेनिस? बाईसाहेब महिनाभर आपल्या खर्चाने गाडी उडवत शेतोशेती हिंडल्या, दर स्वयंपाकघरात चहा प्यायल्या, आणि रेघ म्हणून नाही! डिझायनर म्हणे!

ग्लेनिस: ऐकलं. तू आधी ती पेस्टी खा, आतलं मटण गार होतंय. पोटात काही नसलं की तू फार चिडतोस.

मर्व: बाबांनी आणला होता का कुणी डिझायनर? कोळशाने जमिनीवर आखली फाटकाची कडी, ओतली भट्टीत, लावली फाटकाला. त्या एका कडीवर हा कारखाना उभा राहिला. बहीणभाऊ आपण त्यावर शिकलो, बॅरीचं घर चाललं.

देस्पिना: कडी मजबूतच आहे, मर्व. वरून ट्रॅक्टर नेला तरी तुटायची नाही.

मर्व: बघ. कबूल केलंस.

देस्पिना: मग लोक ती घ्यायचे का थांबले?

मर्व: कारण बाहेरून येणारी पत्र्याची कडी तिच्या निम्म्या किमतीत पडते! एवढं कळायला ॲडलेडहून माणूस बोलवायला नको होता. हा ग्लेनिसचा शहाणपणा. मी शुक्रवारी त्या आयातवाल्याला होकार देऊन टाकतो. भट्टी विझवायची. त्याची खोकी आली की उघडायची, वर आपलं नाव चिकटवायचं आणि विकायची.

ग्लेनिस: आणि बॅरी?

मर्व: बॅरीचं मला सांगू नकोस.

ग्लेनिस: मग कुणाला सांगू? मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा तो बाबांच्या हाताखाली लागला. ओतकाम सोडून त्याला दुसरं काय येतं? खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसवणार आहेस त्याला?

मर्व: त्या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही माझा! तुला काय वाटलं, हौस आलीय मला भट्टी विझवायची?

देस्पिना: मी ही गोणी बाकावर ओतू का?

मर्व: काय आहे तिच्यात?

देस्पिना: तुमच्याच कड्या. शेतांवरून मागून आणल्या. बदल्यात कोऱ्या दिल्या.

मर्व: कुणाला विचारून?

ग्लेनिस: मला विचारून. ओत गं तू.

देस्पिना: ही बघा, हिला गवताच्या गठ्ठ्याची केशरी दोरी. हिला तार. हिला कुत्र्याची साखळी. आणि हिला कुणीतरी जेवणातला चमचा वेल्डिंग करून जोडलाय.

मर्व: अरे, वाट लावलीय साऱ्यांची! भोकं पाडलीत बघ माझ्या मालाला! अशी कडी दुरुस्तीला आली की मी तशीच परत धाडतो. छेडछाड केलीत ना, मग आमची हमी संपली.

ग्लेनिस: वर एक खरमरीत पत्र. टाइप मला करावं लागतं. “आमची कडी म्हणजे तुमची वाळत घालायची दोरी बांधायचा खांब नव्हे.”

मर्व: नाहीच आहे!

देस्पिना: मर्व, ही माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. कुणी मेंढ्या राखतं, कुणी बार्ली पिकवतं. तरी सगळ्यांनी भोक एकाच जागी पाडलंय.

मर्व: गाढवपणा सगळीकडे सारखाच असतो.

देस्पिना: जरा आवाराच्या फाटकापर्यंत याल? ही वाळूची पिशवी काखेत धरा. समजा, कोकरू आहे. आजारी आहे.

मर्व: मी पेस्टी खातोय.

ग्लेनिस: आण ती पेस्टी इकडे, मी धरते. जा.

देस्पिना: हं. आता फाटक उघडा. कोकरू खाली ठेवायचं नाही, चिखल आहे.

मर्व: त्यात काय आहे? एका हाताने खिट्टी वर करायची आणि दुसऱ्या हाताने…

देस्पिना: दुसऱ्या हातात कोकरू आहे.

मर्व: मग गुडघ्याने असं दाबायचं… थांब… आणि खांद्याने जरा…

ग्लेनिस: पडलं कोकरू.

मर्व: पिशवी होती ती!

ग्लेनिस: गेलं बिचारं. नाव तरी ठेवायचं होतं त्याचं.

मर्व: तू हसू नकोस गं! आणि तू, पोरी, तू मला शिकवणार फाटक कसं उघडायचं ते? माझा जन्म गेलाय इथे या कडीना गावात.

देस्पिना: मी कशाला शिकवू? ही गोणीभर माणसं सांगताहेत तुम्हाला, की बाबांनो, आम्हाला एका हाताने उघडणारी कडी द्या. तार ओढली की खिट्टी वर जाते, म्हणून बांधली त्यांनी तार. आणि तुम्ही त्यांना पत्रं पाठवताय.

मर्व: माझ्या बाबांच्या कडीत खोट काढायची नाही. बाकी काय बोलायचं ते बोल.

ग्लेनिस: मर्व, आपल्या घरच्या फाटकाला काय आहे?

मर्व: कडी आहे. बाबांनी ओतलेली पहिली.

ग्लेनिस: आणि कडीला?

मर्व: कडीला काय?

ग्लेनिस: दर नाताळात शिडी, रंग, सगळं काढतोस, तेव्हा त्या कडीचं तू काय करतोस?

मर्व: दोरी बदलतो. उन्हाने विरते ती. बाबा बदलायचे, आता मी बदलतो. म्हणजे… ती तिथलीच आहे, ग्लेनिस. ती दोरी वेगळी.

ग्लेनिस: वेगळी कशी?

मर्व: असतेच ती तिथे! पहिल्यापासून आहे.

ग्लेनिस: पहिल्यापासून नव्हती. तू तेव्हा बाहेरगावी होतास शिकायला. संधिवाताने आईची बोटं वळली होती. खुराड्यातली अंडी टोपलीत घेऊन ती फाटकाशी यायची आणि कुणीतरी येऊन उघडेपर्यंत नुसती उभी राहायची. हाक मारायची नाही, तुला ठाऊक आहे तिचा स्वभाव. एकदा बाबांनी भट्टीवरून येताना पाहिलं. त्याच संध्याकाळी भोक पाडून दोरी ओवली, तिच्या मनगटात येईल एवढा फास ठेवून. पहिलं भोक त्यांनीच पाडलं, मर्व.

मर्व: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

ग्लेनिस: मला वाटलं तुला माहीत आहे. इतक्या मायेने गाठ मारतोस दर वर्षी.

मर्व: मी बाबा मारायचे तशी मारतो. मला कुठे ठाऊक होतं कशासाठी! …मग त्यांनी कडीच का नाही बदलली? एवढं कळलं होतं तर नवी ओतायची!

ग्लेनिस: ओतणारच होते. पुढे पाऊस गेला, माल उठेना, मग आई गेली. राहून गेलं.

मर्व: राहून गेलं.

देस्पिना: मी जरा बाहेर थांबते.

मर्व: कुठे निघालीस? बैस खाली. पेन्सिल काढ. आणि नीट ऐक, नुसती लांब दांडी काढून मोकळी होशील तर घोडा ओठाने उचलेल ती. माझ्या मेहुण्याचा घोडा स्वतःचं फाटक उघडून शेजाऱ्याकडे जेवायला जातो. वजन मागच्या टोकाला हवं.

देस्पिना: वजन वाढवलं तर माणसालाही जड जाईल.

मर्व: मग दांडी लांबव, वळण दे. मनगटाने, कोपराने, कशानेही उचलता आली पाहिजे. आईला उघडता आली पाहिजे आणि घोड्याला नाही. बस्स.

देस्पिना: दोन्ही बाजूंनी?

मर्व: अर्थात दोन्ही बाजूंनी! फाटकाला एकच बाजू असते का?

देस्पिना: मग आणखी एक विचारते. आता तुमचे तीन तुकडे जोडावे लागतात. सगळं एकाच तुकड्यात ओतलं तर? जोडकाम गेलं, घासकाम कमी झालं, तर पत्र्याच्या कडीच्या थोडं तरी जवळ येता येईल.

मर्व: हं. साच्यातून सरळ निघायला हवा तो. इथे उतार दे. अगं, एवढा नाही! आण ती पेन्सिल.

ग्लेनिस: मर्व, शुक्रवारी तो आयातवाला फोन करेल. काय सांगू?

मर्व: सांग, मर्व फाटकात अडकलाय.

(पुढच्या वसंतातला शेतकी मेळा. मोकळ्या मैदानात एकटंच उभं केलेलं लोखंडी फाटक, शेजारी मर्व-ग्लेनिसच्या ‘ट्रेझाइज’ कारखान्याचा छोटा मांडव.)

देस्पिना: फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंपण नाही, मर्व? लोक सरळ बाजूने जातील की.

मर्व: जाऊ देत ना. कुंपण घातलं तर त्यांना फाटकातून जावंच लागेल. मला बघायचं होतं, आपणहून कोण जातं ते.

ग्लेनिस: अर्धा मेळा जाऊन आला. एक आजोबा तर बायको ओढून नेईपर्यंत उघडमीट करत होते.

देस्पिना: आणि शहरातल्या त्या मोठ्या दुकानाचा माणूस?

मर्व: आला होता. म्हणाला, पत्र्याचीच परवडते. सॉसचं बोट माझ्या कडीला पुसून गेला.

देस्पिना: अरेरे. माझी सगळी आशा त्याच्यावर होती.

ग्लेनिस: माझी नव्हती. आपल्या इथल्या सहकारी दुकानांनी माल मागितलाय. वॅलरू, मेटलंड, पार खाली यॉर्कटाउनपर्यंत. आणि क्लेअर गावची एक घोडेवाली बाई अख्ख्या पागेसाठी घेतेय. आधी घोडा आणून परीक्षा घेतली तिने.

देस्पिना: मग?

मर्व: घोडा नापास झाला. रागावून माझी टोपी चावली.

ग्लेनिस: एवढ्या मागण्या आहेत की भट्टी आता विझत नाही. बॅरी म्हणतो, हाताखाली माणूस द्या, नाहीतर मी चाललो.

मर्व: कुठे चाललाय तो! खुशीत आला की तो असाच कुरकुरतो.

देस्पिना: आणि ज्यांना पत्रं पाठवलीत, त्यांचं काय?

ग्लेनिस: प्रत्येकाला नवी कडी पाठवली, फुकट. सोबतचं पत्र या वेळी याने स्वतः लिहिलं. एकच ओळ. “भोक तुम्ही बरोबर जागी पाडलं होतं.”

मर्व: श्श्. हळू बोला. ती बाई बघा, इकडेच येतेय.

देस्पिना: काखेत पोर, हातात चिप्सचा द्रोण. हिला नाही जमायचं.

मर्व: बघ तर खरं.

ग्लेनिस: कोपराने! नुसतं कोपर लावलं गं!

देस्पिना: कडीकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

मर्व: हाक मारू का? विचारू कशी वाटली?

ग्लेनिस: काही नको. पोराशी बोलत चाललीय, जाऊ दे तिला.

मर्व: अरे, वळली का? काय विसरली?

देस्पिना: फाटक लावतेय. पण कशासाठी? इथे ना कुंपण, ना एक मेंढी!

ग्लेनिस: अगं, फाटक जसं मिळालं तसंच मागे ठेवायचं. इथल्या पोराला चालता यायच्या आधी हे कळतं. हात भरलेले असले की नाइलाजाने उघडं टाकून जातात, आणि मग मनाला खात राहतं दिवसभर.

मर्व: गप्प बसा दोघी. आवाज ऐकू द्या.

देस्पिना: लागली?

मर्व: लागली.