गिअर धरायचा हात

थांब, थांब, गोरक्ष — ती मापाची सुई परत एकदा फिरव. माझ्या डोळ्यांपुढं फिरव. हां. इथवर गप बसती, आन् इथं आली की पळती — दिसतंय की, मी काय आंधळा हाय का? म्हंजी इंजनाचं मधोमध एकीकडं आन् गिअरबॉक्सचं दुसरीकडं. किती? केसभर. आन् केसभराच्या फरकानं एवढी गाडी गिअर टाकून देती म्हंतोस? बरं बाबा, देती. तू म्हंतोस म्हंजी देतच असंल. अख्ख्या काष्टीत तुझ्याएवढा हुशार मिस्त्री न्हाई, हे लोकांना मीच सांगतो — तुझ्या बापाच्या वेळेपसनं सांगत आलोय — पन शनिवारच्या दिवशी जरा कमी हुशार हो की.

असं बघू नको. ऐक. शनिवारी लंकाबाईचं, आमच्या मंडळींचं, वर्षश्राद्ध हाय. बन्सी येनार — माझा मेव्हना, खर्ड्याचा. आला की तो पह्यलं गाडीभोवती फेरी मारनार, टायरला लाथ घालनार, आन् इथं तुझ्याकडं येऊन विचारनार, गिअर कशानं सुटत हुता? तर तू एवढंच म्हनायचं — गिअरचे दाते झिजले हुते. दांड्यावर सारखा हात ठिवला की दाते झिजत्यात. झालं. तुझं काय जातंय त्यात?

खोटं? खोटं कसं? आरं, तुझा बाप सहादेवच साक्षीला हुता. उसाच्या ट्रॉलीला ही गाडी मागनं शिवली — शिवली, ठोकली न्हाई, लोक काय बी बोलत्यात — आन् इंजन-गिअरबॉक्स जोडनारं हे हौसिंग तडकलं. मी पुन्याच्या भंगार बाजारातनं दुसरं आनलं. कुठल्या गाडीचं हुतं देव जाने, पन बोल्ट बसले. सहादेव म्हनला, आबा, बोल्ट बसले पन मधोमध बघावं लागंल, दोन दिस लागतील. मी म्हनलो, सहादेव, बोल्ट बसले म्हंजी बसलं. लग्नात तरी कोन मधोमध बघतं? पत्रिका बसली, अक्षता पडल्या, चला जेवायला! लई हसला हुता तुझा बाप. म्हंजी — हसला असंल. तोंड गाडीखाली हुतं त्याचं.

तवापसनं सुरू झालं. मोकळ्या रोडला टॉप गिअर टाकला की — खट्! दांडा खाली. आन् स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, शेजारी ही बसलेली, तिचा उजवा हात त्याच्यावर. मग मी काय म्हननार? म्हनायचो, तुझा हात जड हाय, तुझ्या हातानंच सुटतो. चारचौघांत म्हनायचो. सोसायटीच्या चेरमनला सांगायचो, आमच्या मंडळींना बसल्या जागी घर चालवायची सवय, आता गाडी बी चालवत्यात. चेरमन पोट धरून हसायचा. ती बी हसायची. पन हात काढायची न्हाई. हा बन्सी एकदा म्हनला, दाजी, अक्काचा हात काढून बघा की एकदा. मी म्हनलो, पाहुनं, मेव्हन्यानं रेडिएटरात पानी घालावं, गिअरात बोट घालू नये.

काढून बघितला का? — का बघावा? मला ठाऊक हुतं की. म्हंजी — तिच्या हातानंच सुटतो, हे ठाऊक हुतं.

मग आता कशाला आनली? हा बी प्रश्न झाला का? गाडी म्हनल्यावर दुरुस्ती आलीच. लोक मारुत्या घ्याय लागले, म्हनून आमी काय एकसष्ट सालची गाडी उकिरड्यावर टाकायची? ... मागच्या महिन्यात श्रीगोंद्याला गेल्तो. एकटाच. मोकळा रोड लागला, टॉप टाकला, आन् — खट्. बाजूची सीट मोकळी. सीटवर एक पिशवी, तिच्यात कोथिंबीर. आन् दांडा आपला आपन खाली आला. इंजन नुसतं घुमत राहिलं. मागचा टेम्पोवाला शिव्या देत गेला, मी तसाच बसलो. आता सांग, कोथिंबिरीचा हात जड व्हय?

हस की. हसायचं हाय.

तिला नगरला दवाखान्यात न्यायची हुती ना, तवा मागच्या सीटवर गोधडी अंथरली हुती मी. उशी ठिवली हुती. म्हनलो, आडवी हो. न्हाई. धरून धरून पुढं येऊन बसली. म्हनली, गिअर कोन धरंल? मी म्हनलो... काय म्हनलो बरं. तेच म्हनलो. जड हात घिऊन पुढं कशाला आलीस. अंगात ताप एवढा की तिनं हात लावलेला दांडा मला गरम लागायचा. काष्टीपसनं नगरपर्यंत धरून बसली. त्या दिवशी एकदा बी सुटला न्हाई.

तर — काय सांगत हुतो? हां. दाते झिजले. बन्सीला तसंच सांग. आन् हे काय करतोस तू? पिना काढतोस? ह्या गाईड पिना काढनार, हौसिंग सुईवर बघत बघत सरकवनार, मधोमध आलं की नव्या पिना ठोकनार. बस? दाते बदलायचे न्हाईत, काय न्हाई? किती येळ लागंल? ...

दोन दिस. म्हंजी तुझा बाप म्हनला हुता तेवढंच.

न्हाई, काढ. काढ त्या पिना. सरळ कर. आन् बन्सीला तू काय बी सांगू नको — खरं बी नको आन् दुसरं बी नको. मी त्याला पुढं बसवतो, तिच्या जागेवर. म्हनतो, पाहुनं, आधी अक्कावानी दांड्यावर हात ठिवा, मग दोन्ही हात मांडीवर ठिवून बसा. मोकळ्या रोडला टॉप टाकतो आन् गप चालवतो. हात असला काय आन् नसला काय, सुटनार न्हाई; कळंल त्याला. मग बघंल तो माझ्याकडं. बघू दे.

चहा? नको. मी बाहेर बाकड्यावर बसतो. तू सुईकडं बघ, माझ्याकडं नको.