बापाचं काम

केस कापायच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. बाजूला दोन मित्र बोलत होते, दोघांचेही केस पिकलेले.

"पोराला सिनेमाच्या शाळेत घातलंस म्हणे."

"मी कुठला घालतोय, तोच गेला. पहिल्याच दिवशी हातात कॅमेरा देतात तिथे. त्यामुळे शूटिंग आमच्याच घरात."

"मग तुला घेतलं की नाही?"

"घेतलं. बापाचं काम होतं. दारातून आत यायचं, चपला काढायच्या आणि पोराला झापायचं."

"म्हणजे रोजचंच."

"तेच तर. सकाळभर दारातून आत येत होतो. शेवटी म्हणाला, बाबा, तुम्ही बाप वाटत नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावलं."

"त्यांचं तर लग्नसुद्धा झालेलं नाही."

"पण शोभतात म्हणे. माझा शर्ट घालून माझ्याच खुर्चीत बसले. हिने न मागता चहा दिला त्यांना."

"ते सिनेमात असेल."

"छे, कॅमेरा बंद होता."

"आणि तू?"

"मी थर्माकोलची शीट धरून उभा. मास्तरांच्या तोंडावर उजेड पडायला हवा ना."

"कठीण आहे."

"पुढे ऐक. मास्तरांना झापताच येईना. मग पोरगा मला म्हणतो, बाबा, जरा करून दाखवा."

"दाखवलंस?"

"दाखवलं की. त्याने नोकरी सोडल्यापासून माझ्या पोटात होतं तेवढं सगळं बोललो. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"आणि पोरगा? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबा, बोलताना थर्माकोल हलतोय."