अकरा बातम्यांचा ढग

— तू तिचं नाव खोडलंस? फ्रान, खरं सांग.

— खोडलं, डोरीनमावशी. गेलेल्या माणसाचं नाव तुम्हा आदिवासींत घेत नाहीत ना? अजून वर्षही झालं नाही. भिंतीवर कसं लावणार होते मी?

— मला विचारायचंस की! याच वर्गात तुझ्या मदतीला असते मी, आणि गेली ती माझी सख्खी बहीण. तिच्या लेकीनं, तालियानं आजीकडं जाऊन परवानगी आणली होती. आजी म्हणाली, आता घ्या नाव.

— मला वाटलं, मान राखतेय.

— डोंबलाचा मान! पोरगी रडत पळाली वर्गातून.

— मी एवढंच शिकवत होते, की पेपर कुठला शब्द घोकतो ते बघा. जो जास्त वेळा येतो, तो संगणकावर काढलेल्या शब्दांच्या ढगात मोठा दिसतो. मी पुराच्या बातम्या आणल्या होत्या. तालियानं स्वतःहून आईच्या अकरा आणल्या.

— आणि नाव गेल्यावर मधोमध काय आलं?

— दारू.

— जन्मात थेंबाला शिवली नाही गं ती! साखर उतरली, रस्त्यात कोसळली. पोलिसांनी दारुडी म्हणून कोठडीत टाकली, सकाळी मेलेली सापडली. डॉक्टरनं लिहून दिलं, तरी पेपरचं आपलं दारू, दारू!

— ‘साखर’ एकदाच आलंय, मावशी. ‘आई’ शोधलं मी. एकदाही नाही.

— तीन पोरांची आई. रोज सकाळी शाळेतल्या पोरांना टोस्ट भाजून द्यायची. तू पण खाल्लायस तिच्या हातचा.

(तालिया दारात येऊन उभी राहते.)

— ये बाळा. मिस नाव परत घालतायत.

— घातलं. बघ तालिया, आता सगळ्यात मोठं तिचंच नाव आहे.

— आणि त्याला चिकटून काय आहे, मिस?

— दारू. अटक. कोठडी. काढू का ते शब्द?

— मग तो पेपरचा ढग कसा राहील? पेपरनं लिहिलंय तेच दाखवायचं, तुम्हीच म्हणालात.

— दे आता उत्तर, फ्रान.

— खरंय तिचं, मावशी. शब्द नाही काढता येणार.

— नाव काढा, मिस.

— अगं तालिया, आजीनं एवढी परवानगी दिली...

— आजीला मी सांगते, मावशी. आईला एकदा ठेवलं होतं एकटीला, पोलिसांच्या ताब्यात. या शब्दांत पुन्हा नाही.